डॉक्टरीणबाईंचा वन्स मोअर

देवाजींनी शेवटची तान संपवली, डोळे मिटून मान खाली घातली, आणि मंगल कार्यालयाच्या मागच्या रांगेतून आरोळी आली, "वन्स मोअर!"

"झालं," आचल स्वतःशीच म्हणाली. "बसा आता."

देवाजी तिचे वडील. झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारे नट, वडशाच्या नाटक कंपन्यांमध्ये नाव असलेले. उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला तो उठायचं नावच घेईना. त्याचा दोष त्यांनी आधी धुळीला दिला, मग थंड पाण्याला, मग शेजारणीच्या मिरचीच्या फोडणीला. आचल सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली, ब्रह्मपुरीला एका लॅबमध्ये कामाला. इतके महिने बसलेला घसा कॅमेरा घालून बघायलाच हवा हे तिला ठाऊक होतं, त्यात तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. पण दवाखान्याचं नाव काढलं की बाबांना नेमकी तालीम आठवायची.

म्हणून या मेळाव्यावर तिची सगळी भिस्त होती. नाटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कलावंतांनी वडशाला यायचं, आपली कला द्यायची आणि त्या बदल्यात तपासणी करून घ्यायची. कोणावर उपकार नकोत की कोणाचे नकोत, ही कल्पना पेटीवाल्या पत्रूभाऊंची. भामरागडच्या इसरूने बांबूची टोपली देऊन किडलेली दाढ काढून घेतली होती. सोमारीबाईने भिंतीवर मोर रंगवला आणि डोळ्यांची तपासणी करून घेतली. घशासाठी नागपूरहून डॉक्टर रिना मॅडम आल्या होत्या, पण फक्त दुपारपर्यंत. देवाजींनी एक गाणं म्हणायचं आणि आत जायचं, एवढंच होतं.

"घसा दाखवाले आलेला माणूस घसाच खर्चून राह्यला, पत्रूकाका," आचल पेटीजवळ जाऊन कुजबुजली. "थांबवा ना त्यायले."

"वन्स मोअर आला न बापा. गावानं मागतलं आन् नटानं नाई देल्लं, असं आपल्या झाडीत होते का कुठी?"

"हे गाव नाई काका, पेशंट आहेत सगळे!"

"मंग? पेशंटाईले कान नसतात?"

सोमारीबाई पहिल्याच रांगेत बसली होती. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यामुळे तिला सगळं धुरकट दिसत होतं. "पोरी, मले काईच दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली. "आयकू तं दे." शेजारी इसरू गालात कापसाचा बोळा दाबून होता. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता.

टाळ्या! आचलला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. माणूस गातो म्हणजे घशातले दोन पडदे एकमेकांवर आपटत असतात, एका सेकंदाला शेकडो वेळा. बाहेरच्यांनी एक टाळी वाजवली की आत बाबांच्या घशात हजारो वाजणार. पण हे सांगायचं कोणाला?

ती नीट ऐकायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की वरचा सूर जवळ आला की बाबा तोंड माईकपासून वळवतात. बरोबर त्याच जागी पत्रूभाऊंची पेटी मोठी होते. तो सूर बाबा म्हणतच नव्हते, तो पेटी म्हणत होती.

"काका, त्या सुरावर बोटं उचला," ती म्हणाली. "एकदाच. त्यायलेच आयकू द्या."

पत्रूभाऊंनी भाता थांबवला नाही. "मी तीस वरसं त्याच्यासंगं बसलो, आचल. मी त्याले लोकाईसमोर उघडा पाडू?"

गाणं पुन्हा संपलं. देवाजी माईकसमोरून हलले नाहीत. मान किंचित तिरपी करून, अर्धा श्वास धरून, त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. तेव्हा आचलला कळलं. लोक त्यांना सोडत नव्हते असं नव्हतं. वन्स मोअर बाबाच मागत होते. गाणं चालू आहे तोवर आत जायला लागत नाही.

तिला राग आला. ती तरातरा घशाच्या खोलीत गेली. रिना मॅडम निघायच्या तयारीत कॅमेऱ्याची नळी बॅगेत ठेवत होत्या.

"तुमचे वडील कुठायत?"

"स्टेजवर."

"काय करताहेत?"

"गाताहेत."

मॅडमनी नळी खाली ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं.

"मॅडम, ते माझं ऐकणार नाहीत, तुमचंही नाही," आचल म्हणाली. "फक्त वन्स मोअरचं ऐकतात. तुम्ही द्याल?"

पुढचं गाणं संपताच दारातून मॅडमचा आवाज आला, "वन्स मोअर! पण माझ्या खोलीत. आणि फक्त 'ई' म्हणायचं."

कार्यालय खदखदून हसलं. "जा देवाजीभाऊ, डॉक्टरीणबाईचा वन्स मोअर हाय!" सोमारीबाई ओरडली. देवाजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग कोपऱ्यात जाऊन गालात धरलेला खर्रा थुंकला, चूळ भरली आणि ते निघाले.

नाकातून नळी आत गेली आणि स्क्रीनवर घशातले दोन पांढुरके पडदे दिसले, उघडणारे, मिटणारे.

"ई म्हणा."

"ईऽऽ..."

"परत एकदा."

या वेळी तोंड वळवायला जागा नव्हती आणि पेटीही नव्हती. आवाज मध्येच फाटला. स्क्रीनवर एका पडद्याच्या कडेला एक लालसर गाठ थरथरत होती.

"हे माह्यं हाय?" नळी निघाल्यावर देवाजींनी विचारलं. "एवढुसंच?"

"सगळ्यांचे पडदे एवढेच असतात. गाठ साधी वाटतेय, पण काढून तपासल्याशिवाय खात्री देणार नाही. पुढच्या आठवड्यात नागपूरला या. तोवर गाणं बंद, बोलणं अगदी कमी, खर्रा कायमचा बंद. हंगामात उशिरा उतरावं लागेल."

देवाजींनी खिसा चाचपला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आपरेशनले गाणे किती लागतीन?"

"एकच. बरे झाल्यावर."

"कबूल."

आचलने सुटकेचा श्वास सोडला. मॅडमना गाडीपर्यंत पोचवून ती परत आली, तर बाबा स्टेजवर. हातात माईक.

"मायबापहो! डॉक्टरीणबाईनं मले सांगतलं का, देवाजी, बोलाचं नाई! एक शब्द नाई! आता मी तुमाले इस्कटून सांगतो..."

"वन्स मोअर!" मागून कोणीतरी ओरडलं.

आचलने भिंतीजवळ जाऊन माईकची वायर उपटली.

देवाजी दोन वाक्यं तसेच बोलत राहिले. आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. सोमारीबाई कानामागे हात धरून पुढे वाकली, आणि ते थांबले. त्यांनी पत्रूभाऊंकडे पाहिलं. पत्रूभाऊंनी पेटीवरची बोटं उचलली होती.

देवाजींनी सगळ्यांना हात जोडले आणि खाली उतरले. आचलने हात पुढे केला. त्यांनी खिशातली खर्र्याची पुडी तिच्या तळव्यावर ठेवली.

"दुसऱ्या खिशातली, बाबा," ती म्हणाली.