उर्वशीचा फोटो आणि रोहूचे लाल कल्ले

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेला तडा, पाठीला चिकटपट्टी, आणि कितीही पुसा, एखादं खवलं अंगाला चिकटलेलंच. पण माझ्या कॅमेऱ्याला नावं ठेवायची नाहीत! तो अजून ठणठणीत आहे.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. करडी गावच्या लिलाधरनं बायकोसाठी, उर्वशीसाठी, मला भंडाऱ्याहून आणलं. लिलाधर पहाटे तलावात जाळं टाकतो, उर्वशी मासोळ्या विकते. सुरुवातीला माझं कोण कौतुक! मला रुमालात गुंडाळून ठेवत.

उर्वशी उन्हानं रापलेली. स्टेटसला फोटो टाकायचा तर ती आधी मासोळ्यांची टोपली बाजूला सारायची. दहा फोटो काढून नऊ पुसायची आणि उरलेल्याला गोरं करणारं फिल्टर लावायची. मला भारी राग यायचा. मी इतकं स्वच्छ टिपून द्यावं आणि हिनं त्यावर पावडर फासावी! पण तिला भीती वाटे, लोक आपल्याला हसतील.

गेल्या महिन्यात जाळ्यात मोठे रोहू आले. बाजाराचा दिवस नव्हता, म्हणून ते सकाळीच गावात खपायला हवे होते. उर्वशीनं पहिल्यांदाच मासोळी हातात धरून फोटो काढला, सवयीनं फिल्टर लावलं आणि बायकांच्या ग्रुपवर टाकला. ती गोरी झाली, पण रोहूचे कल्लेही पांढरेफटक पडले.

लगेच ग्रुपवर शेजारच्या ज्योत्स्नाचा आवाज आला, "काहून वो उर्वशी, शिळी मासोळी विकून राहिली का?"

ताज्या मासोळीचे कल्ले लाल असतात, हे इथलं लहान पोरही जाणतं. उर्वशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आजवर एकही शिळी मासोळी विकली नव्हती.

सासू शकुनबाई जवळच होत्या. "अवं पोरी, मासोळीले कायले गोरी केली? अन् तुले तरी कोनं सांगतलं गोरी व्हाले?"

उर्वशीला रडता रडता हसू आलं. तिनं पदरानं माझी काच पुसली, टोपली पुढ्यात ओढली आणि बोटानं कल्ला उघडून धरला. एकच फोटो काढला. ओले केस, रापलेला चेहरा, लालभडक कल्ले. फिल्टर न लावता तो ग्रुपवर टाकला आणि माझ्यात ठणकावून बोलली, "आजचीच मासोळी होय. या अन् सोताच पाहून घ्या!"

दुपारच्या आत टोपली रिकामी झाली. तोच फोटो आज तिचा डीपी आहे, टोपलीसकट.

मित्रांनो, आता माझी बॅटरी लवकर उतरते. उद्या नवा फोन येईल, मला कपाटात टाकतील. त्याचं मला फारसं दुःख नाही. फक्त त्या नव्याची काच रोज पुसत जा, आणि त्यानं जे पाहिलं ते त्याला तसंच दाखवू द्या.