यादीतलं सातवं कलम

सिस्टरची यादी बेचाळीस कलमांची होती आणि त्यातलं एकही कलम सरांनी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना सूचना दिल्या, तो बायकोने लिहिलेल्या सूचना वाचणार? नाव नको.

सिस्टर म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिचं काम मोजायचं. ऑपरेशन सुरू होण्याआधी किती कापसाचे बोळे, किती चिमटे, किती सुया, आणि पोट शिवण्याआधी पुन्हा तेवढेच आहेत का. एकदा एक बडा सर्जन सुई हातात घेऊन ओरडला होता, "मी शिवतोय!" आणि ही शांतपणे म्हणाली होती, "एक बोळा कमी आहे, डॉक्टर." बोळा सापडला, आतच सापडला. त्यानंतर तिने "मोजणी बरोबर" म्हटल्याशिवाय त्या थिएटरात कुणाचं पोट शिवलं गेलं नाही. तिथे तिच्या शब्दाला अशी किंमत होती. घरी तिला विचारत होतं कोण?

घरी सर होते. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत तिने थट्टेने त्यांना 'सर' म्हणायला सुरुवात केली. थट्टा कधीच संपली, सर तेवढे उरले.

हा जहाजाचा प्रवास तिने ठरवला तो समुद्र बघायला नव्हे. त्या जहाजावर तिची लेक होती, ढमी. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ढमी. आता चांगली उंच आणि सडपातळ झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ढमी जहाजाच्या भटारखान्यात पाव भाजायची. मुख्याध्यापकांची मुलगी पाव भाजते! सरांनी ती निघाली त्या दिवशी एकच वाक्य उच्चारलं, "या घरात परत यायचं तर ते काम सोडून यायचं," आणि दार लावून घेतलं. चार वर्षं ढमी आली नाही. चार वर्षं सिस्टरने लेकीला फोनच्या वीतभर काचेत बघितलं. आता या फेरीनंतर जहाज जगाच्या पार दुसऱ्या टोकाला जाणार होतं, निदान दोन वर्षांसाठी. "आई, मी येऊ शकत नाही, तू ये," ढमी म्हणाली होती. "पाचव्या मजल्यावर लिफ्टपाशी उभी राहीन. चार वाजता मला दहा मिनिटं सुटी आहे."

सर यायला तयार झाले, याचंच सिस्टरला नवल वाटलं होतं. मग कळलं की शेजारपाजारच्या सगळ्यांना त्यांनी 'आंतरराष्ट्रीय जलप्रवासा'ची बातमी दिली होती. त्या जहाजावर पाव कोण भाजतं, हे मात्र एकालाही सांगितलं नव्हतं. सोबतीला त्यांची धाकटी बहीणही निघाली. दादाने म्हटलं की मान डोलवायची, एवढंच काम वन्संनी आजवर मन लावून केलं होतं.

सिस्टरने आठ महिने तयारी केली. जाऊन आलेल्या चार जणींना विचारलं, कंपनीची माहितीपत्रकं भिंग लावून वाचली. पहिलं कलम, जहाज सुटतं त्या शहरात एक दिवस आधी पोहोचायचं. विमान रखडलं तर जहाज कुणासाठी थांबत नाही. चौथं, जहाज बाहेर जाऊन त्याच देशात परत येतं, म्हणून दोनदा प्रवेश देणारा व्हिसा घ्यायचा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालाकडे द्याव्या लागतात आणि त्या खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते, म्हणून सातवं कलम तिने लाल शाईने लिहिलं होतं: पासपोर्ट हातातल्या पिशवीत. आठवं, औषधंही तिथेच. अकरावं, खोली क्रमांकाची चिठ्ठी बॅगेच्या मुठीला पक्की लावायची. बारावं, बॅग दुरून ओळखू यावी म्हणून तिला रंगीत चिंधी बांधायची.

तिने तिघांसाठी तीन स्वच्छ प्रती काढल्या. हॉटेलात पोहोचल्यावर सरांनी आपल्या प्रतीची घडी घालून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. सिस्टरने ते बघितलं. तिचे कान तापले.

निघायच्या दिवशी सकाळी सरांनी हात पुढे केला. "सगळे पासपोर्ट इकडे द्या. तुम्ही बायका हरवाल."

वन्संनी लगेच दिला. सिस्टरनेही निळ्या कव्हरातला पासपोर्ट त्यांच्या हातावर ठेवला. पण तो जुना होता. मुदत संपलेला, कोपरा कापून रद्द केलेला. नवा तिने कापडी बटव्यात घालून कमरेला बांधला होता. तीस वर्षांची सवय, मोजलेली वस्तू ती दुसऱ्याच्या हातात देत नसे. सरांनी कव्हर उघडून बघितलं नाही. वर्गातली हजेरीही ते मॉनिटरलाच घ्यायला सांगत.

"हातातल्या पिशवीत ठेवताय ना?" तिने विचारलं.

"मला शिकवू नकोस. अगदी सुरक्षित जागी ठेवतोय."

"आणि बॅगेला ही चिठ्ठी..."

"खोलीचा नंबर बाहेर लावून चोरांना पत्ता द्यायचा का? मी माझं कार्ड लावलंय." त्या कार्डावर नाव होतं आणि खाली 'माजी मुख्याध्यापक'.

"निदान ही पिवळी चिंधी तरी बांधा."

"वरात आहे का आपली?"

वन्सं खुदकन हसल्या. सिस्टरने आपल्या बॅगेची चिंधी आणखी घट्ट आवळली.

मग निघायचा घोळ. पंधरावं कलम सांगत होतं, बंदरावर दुपारी बारापर्यंत पोहोचायचं. सर म्हणाले, "बोट सुटणार पाचला. बाराला जाऊन तिथे काय पताका लावायच्या?" आणि जेवून आडवे झाले. सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसून त्यांचं घोरणं ऐकत राहिली. हलवून उठवावं असं तिला दहादा वाटलं. उठवलं की दिवसभर तोंड फुगवून बसतील आणि ढमीसमोर तसंच उभे राहतील, या भीतीने तिने हात आवरला. त्याबद्दल तिला पुढे स्वतःचाच राग आला.

धक्क्यावर पोहोचले तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. समोर जहाज, बारा-तेरा मजल्यांची इमारत पाण्यावर ठेवल्यासारखं. हमालांची घाई चाललेली. एकाने धडाधड तिन्ही मोठ्या बॅगा उचलून लोखंडी पिंजऱ्यात टाकल्या आणि पिंजरा आत ढकलला गेला. सिस्टरची लाल बॅग पिवळ्या चिंधीसकट दिसेनाशी झाली, तशी सरांची काळीही.

तपासणीच्या खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती, नशिबाने मराठीच. "पासपोर्ट?"

सरांनी खांद्यावरची पिशवी उघडली. चष्मा निघाला, वर्तमानपत्र निघालं. चार पानी भाषण निघालं, कारण कॅप्टनने दोन शब्द बोलायला सांगितलं तर तयारी असावी. पासपोर्ट निघाला नाही. सरांचा हात पिशवीत जरा वेळ उगाच फिरत राहिला.

"सर," सिस्टर म्हणाली, "सुरक्षित जागी म्हणजे कुठे?"

"बॅगेत. मोठ्या. तिला नंबरचं कुलूप आहे." त्यांनी घसा खाकरला. "आतून आणायला सांगा. माणसं कशाला ठेवलीत इथे?"

मुलीने फोन उचलला. "बॅग कशी आहे?"

"काळी."

"आज साडेतीन हजार बॅगा चढल्यात, काका. त्यातल्या निम्म्या काळ्या असतील. खोलीच्या नंबरची चिठ्ठी?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग वन्संच पुटपुटल्या, "दादाचं कार्ड आहे ना लावलेलं. माजी मुख्याध्यापक."

मुलीने ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे कुणीतरी हसलं, ते इकडे सगळ्यांना ऐकू आलं. बिनचिठ्ठीच्या बॅगा खाली एका खोलीत टाकतात, ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे जहाज सुटल्यावर बघतात. ती माणूस पाठवतेय, पण साडेतीनला खिडकी बंद होईल. बॅग नंतर मिळाली तर पुढच्या बंदरावरून पासपोर्ट परत पाठवतील. तीन-चार दिवस लागतील, तोवर इथल्या हॉटेलातच राहावं लागेल.

तिघं बाकावर बसली. घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं.

सिस्टरच्या हाताखाली बटवा होता. ती उठली असती तर लगेच आत गेली असती. पण ती बसून राहिली. तीस वर्षं बसून राहायची सवय अशी चटकन सुटत नाही. माणूस चुकतो, ती मनाशी म्हणत होती. घाईत ठेवले असतील बॅगेत, विसरले असतील. त्यांना परक्या शहरात सोडून कसं जायचं? बॅग सापडेलच. नाही सापडली तर ढमीला फोन करू, सांगू, बाळा, दोन वर्षांनी.

तेवढ्यात सरांनी बाकावर पाठ टेकली, पाय लांब केले आणि म्हणाले, "जाऊ दे ती बोट. नाहीतरी तिथे कुणाचं तोंड बघायचं होतं आपल्याला?"

सिस्टरने मान वळवली. "काय म्हणालात?"

"म्हटलं, जीव टाकण्यासारखं काय आहे त्यात? पाव काय, इथल्या दुकानातही मिळतात."

वन्सं हसल्या. सवयीने हसल्या, आणि सिस्टरचा चेहरा बघून त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

विसरणं सिस्टरने माफ केलं असतं. आडमुठेपणासुद्धा केला असता, आजवर केलाच होता. पण हा माणूस इथे पाय पसरून बसला होता आणि त्याला जराही वाईट वाटलेलं नव्हतं. उलट हायसं वाटलेलं. चार वर्षं तिने उशीत तोंड खुपसून काढली आणि याला दुकानातले पाव सुचत होते! ती उठली, कमरेचा बटवा सोडला आणि नवा कोरा पासपोर्ट बाहेर काढला.

सर ताठ बसले. "हा कुठून आला? तुझा तर माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे जुना आहे. कोपरा कापलेला. उघडून बघितला असतात तर दिसला असता."

"म्हणजे तू मला फसवलंस?"

"हो," सिस्टर म्हणाली. "आणि चांगलं केलं."

तिने हातातल्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. सरांच्या गोळ्या काळ्या बॅगेतच गेल्या असणार, हे तिला विचारावंही लागलं नाही. तिने पाकीट वन्संच्या हातात दिलं. "वन्सं, या तुमच्या दादाच्या रक्तदाबाच्या. सकाळी एक, रात्री एक. दहा दिवसांच्या वीस आहेत, मी मोजल्यात. तुम्ही पुन्हा मोजून घ्या."

"वहिनी, अहो, नवऱ्याला असं टाकून जाणार तुम्ही?"

"टाकून कुठे? तुम्ही आहात की हसायला."

सरांचा आवाज चढला. वर्गात चढायचा तसा. "खाली बस! एकटी कुठे निघालीस? लोक काय म्हणतील?"

बाजूच्या रांगेतली माणसं बघायला लागली. सिस्टरला आजवर लोकांची भीती वाटत आली होती, आज वाटेना.

"ओरडू नका," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज खाली नव्हता. "माझ्यावर तुमच्यापेक्षा मोठमोठे ओरडून गेलेत, हातात सुरी घेऊन. त्यांना मी सांगायचे, एक कमी आहे, आणि ते थांबायचे. तुम्हाला चार वर्षं सांगतेय की घरात एक माणूस कमी आहे. तुम्ही शिवून मोकळे झालात. पोरगी जिवंत आहे माझी! कष्टाचं खाते, लोकांना खाऊ घालते. तिचं तोंड तुम्हाला बघायचं नाही, नका बघू. मी बघणार."

सर उठायला गेले. मांडीवरचं चार पानी भाषण तेवढं घसरून खाली पडलं.

खिडकीतली मुलगी पडदा ओढायच्या बेतात होती. सिस्टरने पासपोर्ट पुढे ठेवला. मुलीने तो बघितला, शिक्का मारला, आणि हळूच म्हणाली, "जा, काकू."

लांब बोळासारखा पूल, मग जहाजाचं दार. कुणीतरी हातावर जंतुनाशक फवारलं. सिस्टरने ते सवयीने मनगटापर्यंत चोळलं. लिफ्ट भरलेली होती म्हणून ती जिन्याने निघाली. गुडघे दुखत होते, तरी एकेक पायरी मोजत चढली. राग अजून उतरला नव्हता. उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा तो ज्याचा होता त्याच्या पदरात जाऊन पडला होता.

पाचव्या मजल्यावर लिफ्टपाशी पांढरा अंगरखा घातलेली ढमी उभी होती. केस टोपीत कोंबलेले, मनगटावर भट्टीचे दोन जुने चट्टे. फोनच्या काचेत ते चट्टे कधी दिसले नव्हते. ढमीने आईला बघितलं आणि मग आईच्या मागे, जिन्याकडे बघितलं. जरा वेळ तिथेच बघत राहिली.

"बाबा?" तिने विचारलं.

"त्यांची बॅग आली आहे," सिस्टर म्हणाली.

ढमीचा ओठ थरथरला. सिस्टरने तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली. "आता रडायचं नाही. मी अजून भयंकर चिडलेली आहे, मला नीट चिडू दे. तुझी दहा मिनिटं आहेत ना? मग आधी मला तू भाजलेला पाव आणून दे."