एकशे वीसपर्यंत

चाकणच्या त्या कारखान्यात भट्टीवरच्या माणसांना पंख्याचा काडीचा उपयोग नव्हता. पंखा गरम हवाच तोंडावर फेकायचा. म्हणून बादल्या आल्या. दर तासाला गार पाण्यात दोन मिनिटं तळहात बुडवायचे, तळव्यांतून अंगातली उष्णता निघून जाते, असं कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका बादलीला दोन माणसं. समाधानच्या बादलीवर विलासकाका असायचे. दोघांचे हात पाण्यात, मग घड्याळ कोण बघणार? काका तोंडानं एकशे वीसपर्यंत मोजायचे. त्याआधी समाधाननं टाकलेला बर्फ मुकाट्यानं काढून फेकायचे. म्हातारा गारठ्याला भितो, असं समाधानला वाटे.

मागच्या महिन्यात काका निवृत्त झाले. परभणीहून आलेल्या समाधानला सहा वर्षांत जीव लावणारा एवढा एकच माणूस भेटला होता. आता बादली त्याची एकट्याची. अडवणारं कोणी नाही म्हटल्यावर गड्यानं बर्फाचा ढीगच ओतायला सुरुवात केली. हात बधिर झाले की अंग निवलं, एवढीच त्याची अक्कल. आठवड्यात दोनदा चक्कर आली. मंगळवारी तर तो भट्टीसमोरच खाली बसला.

"पुन्हा असं झालं तर स्टोअरला टाकीन," सुपरवायझर म्हणाला आणि त्यानं समाधानला घरी पाठवलं. स्टोअर म्हणजे जाळीच्या खोलीत दिवसभर एकट्यानं बसायचं. राहत्या खोलीवर एकटा, तिथंही एकटा.

रहाटणीच्या पत्र्याच्या खोलीत भर दुपारी पोहोचल्यावर त्यानं काकांना फोन लावला. काकांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बर्फ टाकला आसशील," सगळं ऐकून काका म्हणाले. "आरं, बर्फानं तळव्याच्या शिरा आखडत्यात. मग आतली आग भाईर कशी पडंल? माठातल्या पाण्याइतकंच गार पायजे."

"तवाच सांगायचं ना, काका."

"मला वाटलं, मी हायच की काढायला."

समाधाननं माठातलं पाणी बादलीत ओतलं, फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला.

"हात घातले, काका. मोजता का?"

"थांब." पलीकडून पाण्याचा आवाज आला. "माजी बी बादली हाय. रोज बसतो. घरात कुणाला ठावं न्हाई."

काका मोजू लागले. एकशे वीस झाले. एकशे एकवीस, एकशे बावीस; काका थांबले नाहीत. समाधाननंही हात काढले नाहीत.