दोनदा सूर बदललेली म्बिला

मी एक जुनी म्बिला आहे. चौदा लाकडी पट्ट्या, प्रत्येकीखाली वाळलेल्या फळाची एक पोकळ कवटी आणि वाजवायला टोकाला रबर गुंडाळलेल्या दोन काठ्या, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझं वय मला नीट सांगता येत नाही. त्याहून अवघड म्हणजे, माझा स्वतःचा सूर कोणता तेही सांगता येत नाही.

मला झवाला नावाच्या मुलखातल्या एका वाडीत झेफानियास यांनी घडवलं. माझं लाकूड इतकं टणक की कुऱ्हाड उसळून यायची. निखाऱ्यांवर वाळवून ते एकेक पट्टी खरवडत. मधून खरवडली की सूर उतरे, टोकाला खरवडली की चढे. त्यांची मुलगी फेलिझार्दा शेजारी बसून बघायची.

"बाबा, जमलं हे कसं कळतं?"

"शेजारच्या पट्टीशी भांडत नाही ना, म्हणजे जमलं."

माझ्या सुरांच्या सात पायऱ्या होत्या, सगळ्या सारख्या उंचीच्या. आमच्या वाडीत दहा म्बिला एकत्र वाजत आणि नाचणारे धूळ उडवत. "झेफानियासचं लाकूड बोलतं," असं लोक म्हणत. तेव्हा मला वाटे, जगात सूर म्हणून आहे तो एवढाच.

पुढे लढाई आली. वाडी पेटली त्या दुपारी, तोवर आई झालेल्या फेलिझार्दानं आपलं मूल पाठीशी बांधलं आणि मला डोक्यावर घेतलं. गर्दीत वडिलांचा हात सुटला. पाच दिवस चालून ती समुद्राजवळच्या एका गावात पोहोचली. तिथेही म्बिला वाजत होत्या. मला आनंद झाला. पण तिनं वाजवायला सुरुवात करताच त्यांचा म्होरक्या आल्फियादू थांबला.

"बाई, तुझी म्बिला लंगडतेय."

"लंगडत नाही. आमच्या गावासारखी चालते."

"मग गावालाच वाजव. इथे बसायचं तर आमच्याबरोबर चालायला हवं."

वाजवणाऱ्यांच्या घराला गाव कसाव्याचे कंद खायला देत असे, आणि फेलिझार्दाच्या चुलीवर दोन दिवस काही चढलं नव्हतं. तिनं मान हलवली. मला खरवडण्यात आलं. लोक म्हणाले, आता कशी सुरात आली. मला मात्र वाटलं, माझ्याच तोंडून दुसरं कुणी बोलतंय. मित्रांनो, मी बेसूर होते की परकी होते? हा फरक मला अजून उमगलेला नाही.

काही वर्षांनी मिशनच्या शाळेत आमान्सियू मास्तर आले. त्यांना मुलांची गाणी पेटीवर बसवायची होती. पेटीच्या पायऱ्या काही लांब, काही तोकड्या. मास्तर मनाचे फार चांगले. ते फेलिझार्दाला म्हणाले, "ताई, मी हिला नीट करून देतो." ते कानस घेऊन बसले. सूर बदलले, पण ते घुमवणाऱ्या खालच्या कवट्या जुन्याच मापाच्या राहिल्या. त्यामुळे दोन पट्ट्या घुमेनाशा झाल्या. ठक्, एवढंच म्हणत. पाठीशी बांधून आणलेली फेलिझार्दाची मुलगी इल्दा माझ्यावरच गाणं शिकली. तिला हे दोन मुके सूरही गाण्याचाच भाग वाटत.

लढाई संपली. एका सकाळी फाटकाशी एक वाकलेला म्हातारा उभा राहिला. फेलिझार्दा हातातली टोपली टाकून धावली. झेफानियास जिवंत होते, पण त्यांना आता फारसं दिसत नव्हतं. खाणं झाल्यावर त्यांच्यापुढे मला ठेवलं. त्यांनी सगळ्या पट्ट्यांवरून एकदा काठी फिरवली.

"ही कुणाची?"

फेलिझार्दा हळूच म्हणाली, "तुमचीच आहे, बाबा. मला पोट भरायचं होतं."

झेफानियास यांनी प्रत्येक पट्टी बोटांनी चाचपली. मला वाटलं, आता हे मला परत पहिल्यासारखं करतील. मी किती आतुर झाले होते.

"आता खरवडली तर तुटेल," ते म्हणाले. "लाकूड काढता येतं, लावता येत नाही. तू पोर जगवलंस ना? मग झालं. पोरी, आपला सूर आठवतो का? गुणगुण बघू."

तिनं गुणगुणलं. सुरुवातीला चाचरत, मग नीट. त्या आवाजावरून त्यांनी पुढच्या दोन महिन्यांत नवी म्बिला घडवली. ती वाजवली तेव्हा इल्दानं नाक मुरडलं.

"आजोबा, रागावू नका, पण ही बेसूर आहे. आमची जुनीच बरोबर."

झेफानियास पोट धरून हसले. "घ्या! आता हिला कोण समजावणार?"

मित्रांनो, मी आता त्या नवीच्या शेजारी ओसरीत असते. ती वाजते तेव्हा मला जन्मगाव आठवतं, आणि इल्दा माझ्यावर गाते तेव्हा तेही खोटं वाटत नाही. त्यामुळे माझा गोंधळ सुटलेला नाही. तुम्हाला एवढीच विनंती. कुणाचा सूर तुमच्या कानाला वाकडा वाटला, तर कानस हाती घेण्याआधी त्याला विचारा, "तू कुठला?" मला हे कुणीच विचारलं नाही.