उमाकांतच्या गाडीतला सेन्सर

उमाकांतची शवपेटी इस्पितळात तयार होती आणि संध्याकाळच्या विमानानं ती जेद्दाहून मुंबईला जायची होती. पण ती न्यायची पिकअप सौदीतल्या राबिघच्या कॅम्पातून हलेना. सुरू व्हायची, काळा धूर ओकायची आणि गचके खाऊन बंद पडायची. रिफायनरीचं काम जोरात असल्यामुळे बाकीच्या गाड्या साइटवर होत्या.

कॅम्पचा मेकॅनिक नसरुद्दीन मूळचा राजापूरचा. त्यानं एअर फिल्टरजवळच्या नळीत खोचलेला बोटभर सेन्सर उपसला. इंजिनात जाणाऱ्या हवेची गरमी मोजायचं त्याचं काम. तोच मेला होता. रणरणत्या उन्हात तो इंजिनाला हवा बर्फासारखी गार असल्याचं सांगत होता, आणि इंजिन नको इतकं पेट्रोल पिऊन गुदमरत होतं.

"नवा जेद्दाशिवाय मिळायचा नाय," तो दत्तात्रयला म्हणाला. दत्तात्रय उमाकांतचा धाकटा भाऊ, त्याच कॅम्पात वेल्डर.

फोरमन सावलीतून ओरडला, "वो टूटी गाड़ी से निकालो ना! यल्ला, जल्दी!"

नसरुद्दीनचा हात थबकला. ती मोडकी गाडी वर्कशॉपमागे उभी होती. टायर फुटून ती उलटली तेव्हा उमाकांतच ती चालवत होता. टप सीटपर्यंत चेपलं होतं, इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता.

"तू हितंच थांब, दत्ता."

दत्तात्रय थांबला नाही. बॉनेटचा आधार वाकला होता, म्हणून त्यानं ते हातांनी उचलून धरलं. आतल्या सीटकडे त्यानं पाहिलं नाही. नसरुद्दीननं प्लग सोडवला, सेन्सर ओढून काढला आणि बाहीला पुसला.

"टायर बदला म्हणून तुम्ही सांगितलेलंत ना, नसरूभाई?"

"दोनदा."

"मग?"

"फोरमन पुढच्या महिन्यात बघू म्हणाला."

दत्तात्रयनं बॉनेट सोडलं. पाना उचलून तो फोरमनच्या दिशेनं निघाला. नसरुद्दीननं धावत जाऊन त्याला मागून कवेत धरलं.

"आज नको रे. तू तुरुंगात जाशील नि दादा शवागारात पडून राहील. आधी त्याला घरी पाठव."

दत्तात्रयनं सुटायला दोनदा हिसका दिला. मग पाना वाळूत पडला.

सेन्सर बसला. गाडी एका चावीत सुरू झाली. धूर नाही, गचका नाही. फोरमननं बॉनेटवर थाप मारली, "खलास! काम हो गया!"

इस्पितळातून पेटी घेतल्यावर दत्तात्रय पुढे बसलाच नाही. जेद्दापर्यंत तो उन्हात, मागे पेटीला टेकून होता. कार्गोच्या दारात माणसांनी पेटी ट्रॉलीवर चढवून आत नेली. तिला शेवटचा हात लावायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. गुहागरहून शेवंतावहिनी बोलत होत्या.

"ह्यांच्याबरोबर तुम्ही येताय ना, भावजी?"

त्याचा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे त्याला इथं आणणाऱ्या मालकाच्या, कपाटात होता. सुट्टी नाकारली होती.

"नाय, वहिनी," दत्तात्रय म्हणाला. "दादा एकटाच येतोय."