गॅसऑइलची क्लच प्लेट

मुलांनो, चला, आपण एका पिकअपखाली शिरू. मनातल्या मनात हं, कपडे नका खराब करू. पाठीखाली गार माती आहे. नाकाच्या वर वीतभरावर तेलाने काळं पडलेलं लोखंड आहे. उजव्या अंगाला मायालेन आडवी झाली आहे, अकरा वर्षांची, हातात टॉर्च. डाव्या अंगाला तिचा बेन्यातमामा. तुम्ही त्यांच्या मधे आहात, तेव्हा जरा अंग चोरून घ्या.

बाहेर दुपार आहे, पण उजेड मळकट. बिगहॉर्नचे डोंगर सकाळपासून ढगात गेलेत. अंधाराच्या आत बर्फ येणार, असं रेडिओवाला सांगतोय, आणि एकदा बर्फ पडला की वरच्या कुरणाचा रस्ता बंद.

वर कुरणात नीनो आहे. पूर्ण नाव सातुर्निनो, पेरू देशातून आलेला मेंढपाळ. उन्हाळाभर तो मायालेनच्या आजोबांची मेंढरं राखतो आणि चाकांवरच्या लहानशा घरात राहतो, त्याला इथे वॅगन म्हणतात. काल संध्याकाळी तो बिनतारी यंत्रावर म्हणाला, “ताप आहे, मालक. जाईल.” आज सकाळी म्हणाला, “घोड्यावर खोगीर चढवायला गेलो होतो. उचललं नाही.” त्यानंतर तो बोललाच नाही.

शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ऑफिसात फोन केला, तर पुलावर मोठा ट्रक आडवा झालेला, माणसं तिकडे अडकलेली. शेजाऱ्यांच्या गाड्या त्यांची मेंढरं उतरवायला पलीकडच्या खोऱ्यात गेलेल्या. मायालेनच्या आईची छोटी गाडी त्या चढावर पोट घासून बसते. राहिला हा डिझेलचा पिकअप, आणि त्याचाच क्लच जळलेला.

क्लच म्हणजे काय? दोन तळहातांमध्ये भाकरी दाबून धरा. ती मधली भाकरी म्हणजे क्लच प्लेट. तिच्या मधोमध दातेरी भोक असतं, त्यात गिअरबॉक्सचा दातेरी दांडा बसतो. इंजिनाने तळहात फिरवले की भाकरी फिरते, भाकरीबरोबर दांडा आणि दांड्यामुळे चाकं. भाकरी करपून गुळगुळीत झाली, की इंजिन कितीही ओरडो, चाकं जागची हलत नाहीत.

नवी प्लेट सकाळच्या टपालगाडीने आली होती. आजोबांनीच फोन करून मागवली होती. मामाने ती झटपट बसवली, बोल्ट आवळले, आणि आता तो जॅकवरचा गिअरबॉक्स वर ढकलत होता. तो जात नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात चार बोटांची फट राहिली होती.

“पुन्हा हलव,” आजोबांनी बाहेरून सांगितलं. त्यांचं नाव एर्रामुन, पण नात त्यांना ऐताची म्हणायची, म्हणजे त्यांच्या बास्क भाषेत आजोबा.

“हलवतोच आहे की! लाडात येऊन बसलाय.” मामाने घाम पुसला. “मायी, ते लांब बोल्ट दे. चारी बाजूंनी आवळून ओढून घेतो.”

“ओढून घ्यायचं नसतं ना, मामा?”

“नसतं. अजून काय काय नसतं ते वर जाऊन नीनोला सांग. बोल्ट दे.”

तिने दिले. मामाने पाना लावला. एक आटा, दोन आटे. मग लोखंडातून बारीक कुरकुर आली, कोरड्या लाकडाची येते तशी. मायालेनने टॉर्च वळवला. गिअरबॉक्सच्या कवचाला बोल्टसाठी जो कान असतो, तो ताणला जात होता.

“थांब! कान तुटेल!”

“टॉर्च नीट धर.”

“मामा, तुटला की संपलं सगळं!”

मामाचा हात थांबला. रागाने नव्हे, भीतीने. कुरकुर त्यानेही ऐकली होती. मायालेन कोपरांवर सरपटत बाहेर गेली. जुनी जळकी प्लेट शेडच्या दारात पडली होती, ती घेऊन आली. “हा गिअरबॉक्स खाली घे. एकदा ही घालून बघू दे.”

“आता खाली घेऊ? पुन्हा?”

“घे खाली,” आजोबा म्हणाले.

गिअरबॉक्स खाली आला. मायालेनने जळकी प्लेट दांड्यावर सरकवली. ती सुळकन आत गेली. मग मामाने शिव्या पुटपुटत नवी प्लेट सोडवून काढली आणि तिने तीही दांड्याला लावली. प्लेट टोकालाच अडली. मनगट जाड आणि बांगडी लहान असावी तशी.

नीट पाहिलं, तर नवी प्लेट जुनीपेक्षा थोडी लहानही होती.

“ही गॅसच्या गाडीची आहे,” मामा हळू आवाजात म्हणाला. आमच्याकडे पेट्रोलला गॅस म्हणतात, आणि पेट्रोलच्या पिकअपचा दांडा डिझेलहून बारीक असतो. “बाबा, तुम्ही फोनवर काय मागितलंत?”

“जे हवं तेच मागितलं. त्या पोराने विचारलं, गाडी कसली. मी स्पष्ट सांगितलं, गॅसऑइल.”

 आजोबा ज्या गावात वाढले, तिथे डिझेलला गॅसऑइल म्हणतात. इतकी वर्षं इकडे काढली, पण मेंढ्या मोजायच्या बास्कमध्ये आणि डिझेलला म्हणायचं गॅसऑइल, ह्या दोन सवयी काही सुटल्या नाहीत. दुकानातल्या पोराने पहिला अर्धा शब्द ऐकला असणार आणि कपाटाकडे वळला असणार.

“गॅस, ऑइल!” मामा टाचांवर बसला. “अहो बाबा, त्याला वाटलं असेल तुम्हाला प्लेटही हवी आणि वर डबाभर तेलही हवंय!”

“हसू नकोस.”

“हसतोय कुठे? रडता येत नाही म्हणून दात दिसतायत.”

आजोबांनी डोंगराकडे पाहिलं. डोंगर नव्हताच तिथे. “मी ती छोटी गाडी घेऊन कॅस्पर शहरात जातो. डिझेलची प्लेट घेऊन येतो.”

“याल तोवर रात्र होईल. रस्ता उरायचा नाही.”

मायालेनच्या हातात ती नवी प्लेट होती. ती म्हणाली, “ही गॅसची आहे ना? मग गॅसच्या पिकअपमध्ये घाला.”

मेंढवाड्यामागे पेट्रोलचा जुना पिकअप उभा होता. इंजिन धडधाकट, बॅटरी मरू नये म्हणून मायालेन तो अधूनमधून चालू करायची. पण त्याचाही क्लच वसंतातच झिजून गेला होता.

“त्याला वॅगन ओढवणार नाही,” आजोबा म्हणाले. “तो घाट, तेवढं वजन. मधेच दम टाकेल. आणि वॅगन बर्फात राहिली तर वसंतापर्यंत छप्पर कोसळेल. तुझ्या आजीच्या वडिलांनी हाताने बांधलीय ती.”

“वॅगन राहू दे, ऐताची. नीनोला आणायचंय.”

आजोबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “बेन्यात, जॅक तिकडे ने,” ते म्हणाले, आणि स्वतःच पान्यांची पेटी उचलून चालू लागले.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. चाकांकडे जाणारा मागचा दांडा सोडा, बोल्ट सोडा, गिअरबॉक्स उतरवा. वाऱ्याला आता धार आली होती आणि मामाच्या बोटांना पाना धरवेना. आजोबा मधेच उठून बिनतारी यंत्राशी जायचे. “नीनो? नीनो, बोल रे.” खरखर. परत येऊन पुढचा बोल्ट सोडायचे.

या वेळी प्लेट आधी दांड्यावर घालून पाहिली. गेली. इंजिनाला बसवली. गिअरबॉक्स वर चढला, दांडा भोकात शिरला, आणि बोटभर फट राहून अडला.

मामाचा हात आपोआप लांब बोल्टांकडे गेला. तिथेच थांबला. त्याने बापाकडे पाहिलं.

“हे अडणं वेगळं आहे,” आजोबा म्हणाले. “दाते दात्यांसमोर आलेत. गिअर टाक. मायी, गिअरबॉक्सच्या मागून जो दांड्याचा शेवट दिसतोय ना, तो हाताने फिरव. हळू. पीठ मळताना फिरवतेस तेवढंच.”

तिने दोन्ही हातांनी धरलं. फिरेना. बूट मातीत रोवले आणि पुन्हा जोर केला. केसभर फिरलं. मामा खांद्याने जॅक रेटत होता. आणखी केसभर.

टक्.

फट मिटली. बोल्ट बोटांनीच आत गेले.

पिकअप अंगणातून निघाला तेव्हा पहिले कण काचेवर आले. आजोबा यंत्रापाशी थांबले. मायालेनला न्यावंच लागलं, कारण नीनोची राखणीची दोन्ही कुत्री मामाला वॅगनजवळ फिरकू देत नसत. गेल्या खेपेला एकाने त्याच्या पँटचा पाय फाडला होता. तिला मात्र ती उन्हाळाभर ओळखत होती.

घाटात मामा पुढे झुकून चालवत होता. प्रत्येक वळणावर तो क्लचवरचा पाय उचलायचा आणि दोघंही श्वास धरायची. प्लेट धरायची, गाडी वर सरकायची. एका वळणावर मागची चाकं कडेकडे घसरली. मामाने स्टिअरिंग वळवून ती पुन्हा रस्त्यावर आणली. वरच्या खिंडीत रस्ता पांढरा झाला होता, कुंपणाचे खांब तेवढे वाट दाखवत होते.

कुरण आलं. मेंढरं वाऱ्याकडे पाठ करून एकमेकांना चिकटली होती. पलीकडे वॅगन. तिच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता.

कुत्री भुंकत धावून आली. मामाने गाडी थांबवली, पण हात स्टिअरिंगवरून काढला नाही.

“मायी, थांब जरा. आधी मी...”

ती तोवर उतरली होती. कुत्र्यांना नावाने हाका मारत, गुडघ्यांना त्यांचे धक्के खात ती वॅगनपर्यंत गेली आणि तिने दार ओढलं. आत अंधार होता. कांबळ्यांचा ढीग होता. ढीग हलला नाही.

“नीनो?”

काही नाही.

“नीनो!”

“दार लाव गं आधी,” ढिगातून आवाज आला, खोल आणि घोगरा. “सगळा डोंगर आत येतोय.”

तिने दार लावलं. अंधारात चाचपून त्याचे बूट शोधले. बूट गारठून दगड झाले होते. तिने ते स्वतःच्या कोटाच्या आत धरून थोडा वेळ दाबून ठेवले, मग खाली बसली आणि त्याच्या पायात एकेक करून घालू लागली.