गोकुळदासाच्या घरची पाळी

या, जरा पुढे सरून बसा मायबापहो. गोव्यात पेडण्याजवळच्या पार्से गावातल्या विठूची एक गोष्ट सांगायची आहे.

गोवा राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गोकुळदासाने आपल्या गच्चीवर भलीमोठी गोल थाळी बसवली आणि माडामाडांवरून वायर ओढून घरोघरी परदेशी चॅनल पोचवले. हा गोकुळदास विठूचा जिवलग. देवळाच्या सप्ताहात दोघांचे टाळ एकाच हाताने वाजल्यासारखे वाजत. विठूने त्याला आधीच विचारून ठेवलं, "सप्ताह बसला की तुझी ती थाळी बंद ठेवशील मरे, ठेवशील ना?"

"तू सांगायचंस आणि मी नाही म्हणायचं?" गोकुळदासाने देवासमोर नारळही ठेवला.

सप्ताहातलं नाम तुटता कामा नये. पाळी संपली तरी पुढच्या घरचं माणूस येऊन हातातले टाळ घेईपर्यंत उठायचं नाही. त्या दुपारी विठूनंतर गोकुळदासाची पाळी. वेळ टळली, तो येईना. विठूचे सोबती "बघून येतो" म्हणत एकेक उठले ते परतलेच नाहीत. मग गोकुळदासाच्या घराकडून मोठा गलका ऐकू आला. थाळीवर मॅच लागली होती.

विठू एकटाच गात राहिला. घसा खरवडला, सूर गेला. जाऊन जाब विचारावा, तर नाम तुटणार.

शेवटी पायरीवर काठी वाजली. गोकुळदासाची म्हातारी आई, पार्वतीकाकी.

"दी रे ते टाळ, विठू. पाळी आमच्या घरची."

बाईने पाळी धरल्याचं त्या देवळात कोणी पाहिलं नव्हतं. ती बसली आणि गाऊ लागली.

मॅच संपल्यावर गोकुळदास धावत आला. "विठू, पेडण्याचा वायरवाला टपून बसलाय रे. आज बंद ठेवलं असतं तर सगळी गिऱ्हाइकं त्याने नेली असती."

"मग नारळ कशाला ठेवलास?" विठूच्या घशातून नुसती हवा आली.

टाळ घ्यायला गोकुळदासाने आईपुढे हात केला. तिने गाता गाता नकाराची मान हलवली. पुढच्या घरचा महादेव आला, तेव्हा टाळ त्याच्या हाती दिले आणि लेकाला म्हणाली, "तुझी पाळी झाली, बाबा."

विठूचा आवाज पुढे परतला. गोकुळदासाच्या शेजारी मात्र तो पुन्हा कधी बसला नाही.

तुम्ही सप्ताहात टाळ हाती घ्याल तेव्हा पार्वतीकाकीची घडीभर आठवण ठेवा.